गाडी उभी असताना केबिनचा एसी फ्युएल सेलवर चालवता येईल का?

लांबपल्ला यांचा प्रश्न

नमस्कार. लांब पल्ल्याची मालवाहतूक करणारे स्लीपर केबिनचे चार ट्रक माझ्याकडे आहेत आणि त्यांतला एक मी स्वतः चालवतो. उन्हाळ्यात गाडी कडेला लावून झोपायचे म्हटले की एसीसाठी इंजिन चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. एका रात्री टाकी काठोकाठ भरून झोपलो आणि सकाळी पुन्हा काठोकाठ भरून पाहिली, तेव्हा दहा तासांत २९ लिटर डिझेल गेल्याचे दिसले, तेही गाडी एक वीतभर न हलता. इंजिनाची घरघर, धूर आणि शेजारच्या गाडीतल्या माणसाची झोपमोड हे वेगळेच.

म्हणून गेल्या वर्षी एका गाडीच्या टपावर २४ व्होल्टवर चालणारा पार्किंग एसी बसवून घेतला. गाडीच्याच दोन लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर (प्रत्येकी १२ व्होल्ट, १८० अँपिअर-अवर) तो चालतो. रात्री दहाला लावला की पहाटे तीनच्या आतच तो बंद पडतो. घामाने अंग चिकट झाले की जाग येते आणि शेवटी इंजिन सुरू करावेच लागते. बॅटऱ्या फार उतरलेल्या असल्या तर तेही एका झटक्यात होत नाही. एक उन्हाळा संपेपर्यंत त्या बॅटऱ्यांचा दम निम्म्यावर आला.

फ्युएल सेलमध्ये, म्हणजे इंधनापासून रासायनिक क्रियेने थेट वीज बनवणाऱ्या यंत्रात, ज्वलन नसते, आवाज जवळपास नसतो आणि इंधन असेपर्यंत वीज मिळत राहते, असे वाचनात आले. तेव्हा असा एखादा संच केबिनच्या मागे बसवून रात्रभर एसी चालवता येईल का, त्यासाठी किती मोठा संच लागेल, हायड्रोजन, मिथेनॉल आणि डिझेल यांपैकी कोणते इंधन सोयीचे ठरेल, आणि आत माणूस झोपलेला असताना ते सुरक्षित असेल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. बॅटरीचा अनुभव एकदा घेतला आहे, त्यामुळे पुन्हा बॅटरीच घ्या असे कोणी सुचवणार असेल तर कारणासह सांगावे, ही विनंती.

थंडहवा यांचे उत्तर

वाहनांच्या एसीची दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे फ्युएल सेलवर बोलण्याआधी मागणीकडे पाहतो. वीज कुठून आणायची हा नंतरचा प्रश्न. आधी किती वीज लागते हे कळले पाहिजे, आणि तो आकडा एसीच्या पाटीवर लिहिलेला नसतो. पाटीवर जास्तीत जास्त किती वॉट लागतील ते असते. रात्रभराचा खर्च क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून करंट मोजणारे मीटर) लावूनच कळतो.

तुमच्यासारख्याच एका स्लीपर केबिनवर मी तो मोजलेला आहे. दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत एसी सुरू केला तेव्हा पहिला पाऊण तास मागणी ७५० वॉटच्या आसपास होती, कारण त्या वेळी एसी नुसती हवा थंड करत नसतो. छताचा पत्रा, डॅशबोर्ड, गादी आणि आसने यांत साठलेली उष्णता बाहेर काढत असतो. केबिन एकदा निवली की कॉम्प्रेसर मंदावतो आणि सरासरी ३५० वॉटवर येतो. दहा तासांचा हिशेब केला तर सुमारे ३.८ युनिट होतात. त्यात पंखा, दिवा, मोबाईल आणि छोटा फ्रिज धरला तर साडेचार, आणि रात्रीही पारा खाली येत नसेल तर पाच युनिट धरा. तुमच्या सगळ्या प्रश्नांचे मूळ या पाच युनिटांत आहे.

आता तुमच्या बॅटऱ्या पाहू. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्यावर २४ व्होल्ट, १८० अँपिअर-अवर, म्हणजे कागदावर ४.३ युनिट. लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्यापेक्षा अधिक उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून हाताशी खरे सव्वादोन युनिटही नाहीत. पहिल्या पाऊण तासात अर्ध्याहून अधिक युनिट जाते, उरलेले चार-साडेचार तासांत संपते. रात्री दहा ते पहाटे तीन हा तुमचा अनुभव त्या हिशेबाशी तंतोतंत जुळतो. बॅटरीने दगा दिला असे म्हणता येणार नाही. तिच्याकडून दुप्पट काम मागितले गेले आणि तेही गाडी सुरू करण्यासाठी बनवलेल्या बॅटरीकडून.

आणखी एक गोष्ट अवश्य तपासा, ती म्हणजे केबल. टपावरच्या एसीपर्यंत जाऊन-येऊन बारा मीटर केबल लागत असेल आणि ती ६ चौरस मिलिमीटरची असेल, तर ७५० वॉटला म्हणजे ३१ अँपिअरला वाटेतच एक व्होल्टहून अधिक गळतो. बॅटरीत जीव असतानाही एसीच्या तोंडाशी व्होल्टेज कमी दिसते आणि तो संरक्षणासाठी बंद होतो. एसी जोरात चालू असताना फ्यूजपाशी आणि लगपाशी (केबलच्या टोकाच्या जोडापाशी) बोट लावून पाहा. चटका बसत असेल तर तिथेच तुमची वीज उष्णता होऊन जाते आहे. फ्युएल सेल लावलात तरी ही केबल बदलावीच लागेल.

विद्युतघट यांचे उत्तर

काही वर्षे मी लहान फ्युएल सेल संचांच्या चाचण्या घेतल्या आहेत. वरील पाच युनिट हाच आकडा धरून उत्तर देतो.

पाच युनिट दहा तासांत म्हणजे सरासरी ५०० वॉट. त्यामुळे ५०० ते ६०० वॉटचा संच आणि जोडीला एक लहान बॅटरी अशी रचना लागेल. बॅटरी टाळता येणार नाही, कारण फ्युएल सेलला मागणीतला एकदम झटका मानवत नाही. कॉम्प्रेसरने अचानक जोर घेतला की संचातला हवेचा पंखा वेग पकडेपर्यंत आतल्या पेशींना, म्हणजे वीज बनवणाऱ्या एकेका घटाला, प्राणवायू कमी पडतो, व्होल्टेज कोसळते, आणि असे वारंवार झाले तर पेशींचे कायमचे नुकसान होते. झटका बॅटरीने सोसायचा आणि सेलने संथपणे ती भरत राहायची, हीच रीत सर्वत्र आहे.

हायड्रोजनवर चालणाऱ्या, पॉलिमर पटल असलेल्या सेलला पेम म्हणतात. तो ६० ते ८० अंश सेल्सिअसला चालतो आणि काही क्षणांत सुरू होतो. एक किलो हायड्रोजनमध्ये ३३.३ युनिट ऊर्जा असते. लहान संचाची कार्यक्षमता ४५ टक्के धरली तर त्यातून १५ युनिट वीज हाती येते. तुमच्या एका रात्रीला ३३० ग्रॅम हायड्रोजन पुरेल. ऐकायला हा आकडा फारच गोड वाटतो, पण खरी अडचण तो ठेवण्याची आहे. २०० बार दाबाच्या ५० लिटर पोलादी सिलिंडरमध्ये जेमतेम ७०० ग्रॅम हायड्रोजन मावतो आणि तो सिलिंडर सुमारे ६० किलोचा असतो. दोन रात्रींमागे एक सिलिंडर चढवा-उतरवायचा. कार्बन तंतूंची ३५० बारची टाकी हलकी पडते, पण ती भरण्यासाठी तशा दाबाचे केंद्र तुमच्या मार्गावर असले पाहिजे.

मिथेनॉलचे उलट आहे. ते द्रव आहे, डब्यात नेता येते. थेट मिथेनॉलवर चालणारे संच कारवान, नौका आणि दुर्गम ठिकाणची यंत्रे यांसाठी अनेक वर्षांपासून बाजारात आहेत. जर्मनीतल्या एसएफसी एनर्जी या कंपनीचा ईफॉय हा त्यांतला सर्वांत परिचित. एका युनिटला सुमारे ०.९ लिटर मिथेनॉल लागते, म्हणजे तुमच्या रात्रीला साडेचार लिटर. मात्र यांतले बहुतेक संच शंभर-सव्वाशे वॉटच्या घरातले असतात. त्यांचा हेतू दिवसभर थेंबथेंब वीज देत बॅटरी भरलेली ठेवण्याचा आहे. ५०० वॉटसाठी असे चार-पाच संच शेजारी शेजारी लावावे लागतील, आणि तेव्हा खर्चाचे गणित कोलमडते. मिथेनॉल पटलातून पलीकडे झिरपते आणि वीज न देताच जळते, म्हणून कार्यक्षमताही पंचवीस टक्क्यांच्या आसपासच राहते.

तिसरा मार्ग डिझेलचा, आणि ट्रकवाल्याला सर्वांत आकर्षक वाटणारा तोच. इंधन आधीच टाकीत आहे, वेगळे काही न्यायला नको. यासाठी घन ऑक्साइड फ्युएल सेल, म्हणजे सिरॅमिकचा, ७०० अंशांच्या आसपास चालणारा सेल वापरतात. अमेरिकेत डेल्फी कंपनीने असा संच तयार करून २००८ साली पीटरबिल्टच्या मॉडेल ३८६ या ट्रकवर इंजिन बंद ठेवून एसी आणि इतर उपकरणे चालवून दाखवली होती. युरोपात २०१२ ते २०१५ या काळात डेस्टा नावाच्या प्रकल्पात व्होल्वो, एव्हीएल, एबरस्पेशर आणि टॉप्सो यांनी एकत्र येऊन ३ किलोवॉटच्या घरातला संच ट्रकवर बसवला. पॉवरसेल या स्वीडिश कंपनीने डिझेलचे विघटन करून निघालेला हायड्रोजन पेम सेलला देणारा ३ किलोवॉटचा संच करून पाहिला. एवढे मोठे लोक मागे लागूनही आज तुम्हाला शेजारच्या ट्रकवर असा संच दिसत नाही, यात उत्तर आलेच.

कारणे मी चाचणीच्या टेबलावर पाहिली आहेत. सिरॅमिकचा सेल थंड अवस्थेतून ७०० अंशांवर न्यायला तासन्‌तास लागतात. घाईने तापवला तर थरांचे प्रसरण सारखे होत नाही आणि बारीक तडे जातात. एकदा उघडलेल्या संचात पेशीच्या कडेला केसाएवढी रेघ होती, भिंगाशिवाय दिसणारही नाही अशी. पण तेवढ्या फटीतून इंधन आणि हवा भेटत होती आणि तिथला भाग जळून काळपट झाला होता. रोज रात्री पेटवायचा आणि सकाळी विझवायचा हा ट्रकचा रिवाज या सेलच्या प्रकृतीला साफ विरोधी आहे. त्याला कायम तापलेला ठेवायचा तर दिवसभर विनाकारण डिझेल जाते. शिवाय डिझेलमधले अल्पसे गंधकही विघटकाला आणि सेलला बाधते, आणि विघटन नीट झाले नाही तर काजळी धरते.

लांबपल्ला

दोघांचेही मनापासून आभार. केबलच्या लगला बोट लावले, चटका बसला. ती ६ चौरस मिलिमीटरचीच निघाली, त्यामुळे थंडहवा यांना दंडवत.

हायड्रोजनच्या सिलिंडरबद्दल एक विचारतो. केबिनच्या मागे चासीवर दोन सिलिंडर उभे बसवले आणि चार रात्रींनी बदलले, तर ६० किलोचे ओझे मला जड नाही. आम्ही रोज त्याहून जड माल हाताळतो. तेवढ्याने काम भागत असेल तर त्यात काय धोका आहे? आणि फ्युएल सेलमधून पाणी निघते म्हणतात, ते किती असते?

विद्युतघट

पाण्याचे आधी सांगतो, कारण त्याचा हिशेब सोपा आहे. एक भाग हायड्रोजन जळला की वजनाने नऊ भाग पाणी तयार होते. ३३० ग्रॅम हायड्रोजनचे एका रात्रीत तीन किलो पाणी होईल, काही वाफ होऊन जाईल आणि बाकीचे ठिबकेल. उन्हाळ्यात त्याचा उपद्रव नाही. कडाक्याच्या थंडीत मात्र नळीत आणि संचात राहिलेले पाणी गोठून पटल फाडू शकते, म्हणून बंद करताना संच आतून हवेने सुकवून घ्यावा लागतो. चांगल्या संचात ही सोय आपोआप होते. घरगुती जोडणीत हमखास विसरली जाते.

धोक्याबद्दल बोलायचे तर हवेत ४ ते ७५ टक्के एवढ्या विस्तृत प्रमाणात हायड्रोजन पेट घेतो आणि त्याला ठिणगीही अगदी नगण्य पुरते. त्याचा एक गुण आपल्या बाजूचा आहे: तो अतिशय हलका असल्याने उघड्यावर गळला तर वर उडून विरून जातो. म्हणून सिलिंडर, रेग्युलेटर आणि सेल हे सगळे केबिनच्या बाहेर, वरून मोकळे असलेल्या जागी हवे, आणि सुरक्षा झडपेची नळी टपाच्या वर काढलेली हवी. छतालगतच्या बंद कपाटात, गादीखालच्या पेटीत किंवा झाकलेल्या खोक्यात तो जमला तर त्याचा हलकेपणाच घात करतो. सिलिंडर नुसते पट्ट्याने आवळणे पुरेसे नाही; मागून धडक बसली तर ते जागचे हलणार नाहीत आणि वरची झडप कशावर आपटणार नाही, अशी चौकट लागते. हे काम अधिकृत परवानगी आणि तपासणीशिवाय करू नका, कारण अपघात झाला तर विमा आणि कायदा दोन्ही तुमच्या विरोधात उभे राहतील.

एक चूक लोक सहज करतात ती सांगून ठेवतो. संचाला लागणारी हवा केबिनमधून घेऊ नये. ३३० ग्रॅम हायड्रोजनला रात्रभरात अडीच किलोहून अधिक प्राणवायू लागतो, आणि झोपलेला माणूस तेवढ्या वेळात त्याच्या एक दशांशाच्या आसपास घेतो. बंद केबिनमध्ये सेल आणि माणूस एकाच हवेवर जगू शकत नाहीत. सेलची उष्णताही बाहेर टाकावी लागते. पाचशे वॉट वीज देताना तो सहाशे वॉट उष्णता देतो; त्याची गरम हवा एसीच्या कंडेन्सरवर गेली तर आपण एका हाताने कमावून दुसऱ्या हाताने घालवत आहोत.

रात्रीची गाडी यांचे उत्तर

मी चालक आहे, तांत्रिक शिक्षण नाही, पण दोन गोष्टी या चर्चेत सुटल्यासारख्या वाटतात.

पहिली म्हणजे, आम्ही मुक्कामाला जिथे गाड्या लावतो तिथे डावी-उजवीकडच्या पंचवीस गाड्यांची इंजिने चालू असतात. सकाळी पुढची काच पुसली तर फडके काळे होते. फ्युएल सेल बाहेरची हवा घेणार म्हणता, तर हा धूर त्याला चालतो का?

दुसरी गोष्ट म्हणजे, मुक्काम नेहमी दहा तासांचाच असतो असे नाही. माल उतरवायला नंबर लागला नाही तर दोन-दोन, तीन-तीन दिवस गाडी जागची हलत नाही. तिथे दिवसाही झोपावे लागते आणि दुपारचे ऊन तर रात्रीपेक्षा कितीतरी कठीण. बॅटरी कितीही मोठी घेतली तरी ती गाडी चालली तरच भरणार. अशा वेळी फ्युएल सेलचा काही उपयोग होत असेल तर तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

विद्युतघट

धुराचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. चालत नाही, असेच उत्तर आहे. धुरातले सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हवेच्या बाजूच्या प्लॅटिनमवर चिकटून बसतात आणि सेलची शक्ती घटते. नायट्रोजनच्या ऑक्साइडचा परिणाम स्वच्छ हवा मिळाल्यावर बराचसा ओसरतो, गंधकाचा मात्र सहजासहजी जात नाही. धूळ अडवणारा साधा कागदी फिल्टर या वायूंना अडवत नाही. त्यासाठी रासायनिक फिल्टर लागतो आणि तो ठरावीक काळाने बदलावा लागतो. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ हवेत मिळालेले आयुष्य ट्रकतळावर मिळेल असे कोणी सांगितले तर फिल्टर किती दिवसांनी बदलायचा हे आधी विचारा.

तीन दिवसांच्या मुक्कामाबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे आणि फ्युएल सेलची खरी जागा तीच आहे. बॅटरीत साठा आणि शक्ती एकत्र बांधलेले असतात. दुप्पट वेळ हवा तर दुप्पट बॅटरी. सेलमध्ये यंत्र तेवढेच राहते, फक्त इंधनाचा डबा वाढतो. ११० वॉटचा मिथेनॉल संच चोवीस तासांत अडीच युनिटांहून थोडे अधिक देतो. त्याने एसीची पूर्ण गरज भागणार नाही, पण मोठी बॅटरी सोबत असेल आणि एसी फक्त रात्रीच चालवला तर ती जवळपास निम्म्या वेगाने रिकामी होईल. तीन दिवसांचे सात-साडेसात लिटर मिथेनॉल लागेल. मिथेनॉल पोटात किंवा त्वचेतून गेल्यास विषारी असते आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही, म्हणून बाटलीतून ओतून भरण्याऐवजी सीलबंद डबाच वापरावा आणि तो केबिनमध्ये पिण्याच्या पाण्याच्या कॅनशेजारी कधीही ठेवू नये.

जमाखर्च यांचे उत्तर

एका वाहतूक व्यवसायाचा हिशेब पाहतो, म्हणून माझे उत्तर थोडे रुक्ष असेल. आतापर्यंत तुलना चुकीच्या गोष्टीशी होत आहे. लांबपल्ला यांच्या डोक्यात २९ लिटर डिझेल आहे आणि त्याच्याशी तुलना केली तर कोणताही उपाय स्वस्तच दिसेल. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट ऊर्जा असते. २९ लिटरमधून २९० युनिट जाळून आपण पाच युनिटांचे काम करून घेतो. इतका नासाडीचा व्यवहार समोर असला की पलीकडचे सगळेच शहाणपणाचे वाटते.

खरी तुलना वेगळी आहे. तीच पाच युनिटे गाडी रस्त्यावर चालत असताना आल्टरनेटरने (इंजिनावर फिरणाऱ्या वीजजनित्राने) बॅटरीत भरली तर किती डिझेल लागते? चालत्या इंजिनाची कार्यक्षमता ४० टक्के, आल्टरनेटरची ६० टक्के, बॅटरी भरताना दहा टक्के तूट, असे धरले तर एका लिटरमागे दोन युनिटांहून थोडे अधिक पडतात. म्हणजे अख्खी रात्र सव्वादोन ते अडीच लिटरमध्ये निघते. २९ लिटरमधले साडेसव्वीस बॅटरीनेच वाचवले. फ्युएल सेलला आता वाचवायला उरले फक्त अडीच लिटर, आणि त्यासाठी त्याने स्वतःची किंमत, सिलिंडर, फिल्टर आणि परवाने यांचा भार उचलायचा. पुन्हा, हायड्रोजन विजेपासून बनवला असेल तर एका किलोला पन्नासहून अधिक युनिटे लागतात. म्हणजे रात्रीची पाच युनिटे मिळवायला आधी कुठेतरी सतरा-अठरा युनिटे खर्च झालेली असतात. हीच वीज सरळ बॅटरीत घातली असती तर तीन रात्री निघाल्या असत्या.

डेल्फी आणि व्होल्वो यांचे प्रयत्न का विरले, याचे उत्तर माझ्या मते तांत्रिक अडचणींपेक्षा इथे अधिक आहे. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी उभ्या ट्रकचे इंजिन पाच मिनिटांहून अधिक चालू ठेवण्यावर बंधने आली, तेव्हा पर्याय होता तो जड लेड-ॲसिड बॅटरीचा किंवा लहान डिझेल जनरेटरचा, आणि त्यांच्यापुढे फ्युएल सेल उजवा दिसत होता. नंतर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या आल्या. ९० टक्क्यांपर्यंत उतरवल्या तरी त्या हजारो वेळा भरता येतात आणि वजनाला लेड-ॲसिडच्या निम्म्याहून कमी भरतात. फ्युएल सेल वाट पाहत असताना त्याच्या जागेवर दुसराच येऊन बसला.

लांबपल्ला यांनी कारणासह सांगा म्हटले होते, म्हणून एवढे लिहिले. तुमची बॅटरी चुकीची होती. बॅटरीचा मार्ग चुकीचा नव्हता. २५.६ व्होल्ट, २८० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे ७.२ युनिट, त्यांतली ९० टक्के वापरली तर सुमारे ६.४५. थंडहवा यांच्या पाच युनिटांना ती पुरून उरते. आणि ती स्टार्टरच्या बॅटऱ्यांपासून वेगळी ठेवली तर सकाळी इंजिन सुरू न होण्याची धास्तीही जाते. तीन-तीन दिवस गाडी अडकते ती एखाद्याच मार्गावर असेल, तर तेवढ्या एका गाडीला मिथेनॉलचा लहान संच जोडण्याचा विचार करा. चारही गाड्यांना नको.

विद्युतघट

जमाखर्च यांच्या हिशेबात मला खोट दिसत नाही, जरी माझी काही वर्षे या सेलांवर गेली असल्याने ते मान्य करताना थोडे जिवावर येते. एका ठिकाणी मात्र हे गणित उलटते, तेवढे नोंदवून ठेवतो. ट्रकच मुळात हायड्रोजनवर चालणारा असेल तर एसीसाठी वेगळे काहीच लागत नाही. ह्युंदाईच्या एक्सिएंट या ट्रकवर तीस किलोहून थोडा अधिक हायड्रोजन ३५० बारला भरलेला असतो आणि सोबत ७२ युनिटांची बॅटरी असते. रात्रीची पाच युनिटे त्या बॅटरीतून सात टक्क्यांत निघतात. तिथेही मुख्य सेल रात्रभर चालू ठेवणे शहाणपणाचे नाही, कारण १८० किलोवॉटचा संच अर्ध्या किलोवॉटवर रेंगाळत ठेवला की पेशींचे व्होल्टेज चढे राहते आणि त्यातले प्लॅटिनम झिजते. म्हणजे फ्युएल सेलच्या ट्रकमध्येसुद्धा झोपेच्या वेळचा एसी शेवटी बॅटरीवरच चालतो.

लांबपल्ला

म्हणजे मी फ्युएल सेलचे विचारायला आलो आणि बॅटरी घेऊन परत चाललो. तक्रार नाही, माझ्या बॅटरीवरच्या रागाचे कारण एका केबलमध्ये आणि एका चुकीच्या निवडीत होते, हे कळले ते बरे झाले. केबल २५ चौरस मिलिमीटरची टाकतो आहे. रात्रीची गाडी यांनी सांगितलेला लांब मुक्कामाचा प्रकार माझ्याकडे एका गाडीच्या वाट्याला येतो, तिच्यापुरता मिथेनॉल संचाचा विचार पुढच्या उन्हाळ्याआधी करीन. आता एवढेच विचारतो, की ही लिथियम बॅटरी सरळ सध्याच्या आल्टरनेटरला जोडली तर चालेल का?

थंडहवा

सरळ जोडू नका. लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की स्वतःच करंट कमी घेऊ लागते, ही तसे करत नाही. रिकामी असेल तर जेवढा मिळेल तेवढा करंट शेवटपर्यंत ओढत राहते. एका गाडीत असे जोडलेले आल्टरनेटर घाटात हळू चढताना, पंखा मंद आणि मागणी पूर्ण अशा अवस्थेत, जळालेले मी उघडून पाहिले आहे. तांब्याच्या वेटोळ्यांवरचे वार्निश करपून कोळशासारखे झाले होते. मध्ये ४० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे करंटला मर्यादा घालून बॅटरी भरणारा चार्जर, बसवा. आठ तास गाडी चालली तर रात्रीची पाच युनिटे भरून निघायला सरासरी पंचवीस अँपिअर पुरतात, त्यामुळे ४० मध्ये भरपूर वाव राहतो. शून्य अंशाखाली ही बॅटरी भरू नये, म्हणून तापमान पाहून चार्जिंग थांबवणारे सर्किट तिच्यात आहे ना, तेही खरेदीच्या वेळी विचारा. चार्जरच्या केबलच्या दोन्ही टोकांना, त्या त्या बॅटरीपासून वीतभराच्या आत, फ्यूज हवा. आणि गाडी लावताना शक्य असेल तर पुढची काच मावळतीकडे येऊ देऊ नका, काचेवर चकचकीत पडदा बाहेरून लावा. आतून लावलेल्या पडद्यापर्यंत ऊन पोहोचते तेव्हा बरीचशी उष्णता काच ओलांडून आत आलेली असते, आणि ती बाहेर काढण्याचे काम तुमच्या बॅटरीच्या माथी येते.